पाटीला खिळा नाही

दसऱ्याला विद्यापीठाच्या पाटीला झेंडूचा हार घालायचा, हा आम्हा माजी विद्यार्थ्यांचा शिरस्ता. यंदा हार घेऊन गेले, तर फाटकावर काचेची नवी पाटी. नाव वेगळंच, आणि खाली ‘शाखा’. म्हणजे आता स्वतंत्र विद्यापीठही नाही.

‘‘ताई, हिला खिळाच नाही,’’ वॉचमनकाका ओशाळून म्हणाले.

होस्टेलमधली माझी रूममेट अमीना, मूळची नैरोबीची, इथेच झेंडू ओवायला शिकली. तिला फोटो पाठवला. ‘‘मग आपण शिकलो कुठे?’’ तिनं विचारलं.

लग्नात मुलीचं नाव बदलतात, तेव्हा निदान अक्षता टाकायला तरी बोलावतात. आम्हाला कुणी एका शब्दानं कळवलं नाही.

जुनी पाटी शेडमागे सापडली, शिक्षा केलेल्या मुलीसारखी भिंतीकडे तोंड करून उभी. हार तिच्या पाठीवरच घातला. काय चुकलं, हे तिलाही कुणी सांगितलं नसणार.