आधी हात

"आधी हात," असं म्हणून आमची स्वयंपाकवाली मावशी मग्गा घेऊन कँटीनच्या दारात आडवी उभी राहायची. तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील. साहेब येवो की हमाल, हात धुतल्याशिवाय आत सोडणार नाहीत.

मी तिथला स्टोअरकीपर. कांद्याचं पोतं उतरवून आत जाताना मीही हात पुढे करायचो. ती ड्रममधलं पाणी असं ओतायची की बाह्या कोपरापर्यंत भिजायच्या. कुरकुर केली तर म्हणायची, "बाही वाळते, भाऊ. पोट बिघडलं त काय करशीन?"

ड्रम कशाला, तर बेसिनचा नळ कोरडा. मावशी रुआबांध्याच्या वस्तीतून यायची ती कँटीनच्या ठेकेदाराच्या माणसाला नळावरून झापतच. तो रोज "हो जाएगा" म्हणायचा.

नळ काही आला नाही. चष्मा आला. डोळ्यांवर बांधला की आत खोटं स्वयंपाकघर दिसायचं. अन्न स्वच्छ कसं ठेवायचं ते त्यात शिकायचं, आणि पास होईल त्यालाच चुलीपाशी काम, असा हुकूम. चष्म्यातलं सगळं आम्हाला टीव्हीवर दिसायचं. चकचकीत बेसिन आणि धो धो वाहणारा नळ. मावशीने आधी तो नळ बंद केला. मग वाकून हवेत मग्गा शोधू लागली. सगळे हसले. टीव्हीवर लाल अक्षरं आली की हिने हात धुतलेच नाहीत.

ते आठवलं की अजूनही माझं डोकं फिरतं. सगळ्या कँटीनचे हात धुवायची ती बाई!

चष्मा घेऊन आलेला शिकवणारा म्हणाला, पुन्हा करा. मावशीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पहले इधर का नल चालू करो. फिर उधर हाथ धोती हूँ."

ठेकेदाराच्या माणसाने तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी मध्ये पडलो, तर मला म्हणे स्टोअर सांभाळा. लाज नावाची चीजच नाही या लोकांना.

जाताना ती एवढंच म्हणाली, "मी नापास नाही झाली, भाऊ. मी नाही म्हनलं."

आता भिंतीवर बाकीच्यांची प्रमाणपत्रं लावलीत, बरोबर त्या कोरड्या नळाच्या वर. काल पोतं उतरवून मी सवयीने दारात हात पुढे करून उभा राहिलो. आतून नवा, पास झालेला आचारी म्हणाला, "आ जाओ न भैया, सीधे अंदर."

मी मग्गा उचलला. पण आपलंच आपण ओतून दोन्ही हात धड धुतले जात नाहीत.