ज्याला यावं लागत नाही, तोच माणूस

थोरल्याला दोन महिन्यांनी बेचाळीस पूर्ण व्हायची होती आणि सगळी गोची तिथंच होती. कंपनीत सीनियर टेक्निशियनची एक जागा निघाली होती, चांगली कायमची, पण वय बेचाळीसच्या आत हवं. आता हुकली तर मग जन्मभर वर्षावर्षाचा करार, तोच पगार, आणि सही करताना साहेबांचं तेच ते, "बघू पुढच्या वर्षी." अकरा वर्षं तो हे 'बघू' ऐकत आला होता.

भावंडांत मोठा म्हणून घरात थोरला, आणि एकाच जागी अकरा वर्षं चिकटून राहिला म्हणून कंपनीतही थोरलाच. काम काय, तर ऑफिसांतले प्रिंटर आणि नकला काढायची मशिनं दुरुस्त करायची. पाठीवर बॅग, खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि नखांत त्या शाईची काळी पूड. ती काही केल्या जात नसे. मेहुणीच्या लग्नातल्या एकूण एक फोटोंत हा बाबा मुठी मिटून उभा आहे, जसा काही कुणाशी भांडायलाच आलाय.

आता ही जागा द्यायची कुणाला, ते साहेबांच्या खोलीबाहेरच्या फळ्यावरून ठरायचं. ज्याने महिन्याभरात जास्त कॉल केले, म्हणजे जास्त ठिकाणी जाऊन दुरुस्ती केली, त्याचं नाव वर. सगळ्यात वर असायचा सुसाट. त्याला सुसाट म्हणत कारण तो दहा मिनिटांत काम उरकायचा. झाकण उघडलं, अडकलेला कागद ओढला, झाकण लावलं, सही घेतली, चालले महाराज! पंधरा दिवसांत तेच मशीन पुन्हा अडायचं, सुसाट पुन्हा जायचा, आणि फळ्यावर आणखी एक रेघ.

थोरल्याचं नाव तळाला. कागद अडकला एवढं त्याला पुरत नसे. का अडकला हे कळल्याशिवाय तो बूड हलवायचा नाही. एका ऑफिसात कागदाचे गठ्ठे खिडकीत ठेवलेले, ओल धरून कडा वळलेल्या. त्याने मशीन दुरुस्त केलं ते केलंच, पण गठ्ठेसुद्धा स्वतः उचलून कपाटात रचले. दुसरीकडे टाचण्या काढायचा कुणालाच धीर नव्हता, कागद टाचणीसकट मशीनमध्ये. त्याने मशीनच्या कडेला एक रिकामा डबा दोरीने बांधून दिला. झालं! त्या ऑफिसांतून पुन्हा फोन म्हणून नाही. मशिनं गप्प, फळाही गप्प.

"काय थोरले," सुसाट म्हणायचा, "तुमची गिऱ्हाइकं रुसली वाटतं तुमच्यावर?"

"सुखी आहेत," थोरला म्हणायचा.

"त्यांच्या सुखाने तुमचा पगार वाढत नाही हो!"

खोटं काय होतं त्यात?

घरी बायकोने तर आधीच आपल्या बहिणीला सांगून टाकलं होतं की जागा आमचीच. म्हणून तिला आता जास्त काळजी. ती पंख्याखाली पसरलेले कपडे घडी करत बसली होती. तो पंखा तीन वर्षं कर्रर कर्रर करत होता, आणि दुरुस्ती करणारा घरातच असल्यामुळे त्याला कुणी हात लावत नव्हतं.

"अहो, जाता जाता एखादा स्क्रू सैल सोडून येत जा ना. मशीनही तुमची आठवण काढेल आणि साहेबही."

"काहीतरीच काय!"

"मी आपली हसते. पण पोरीला पुढं शिकायचंय, ते काय तुमच्या सुखी गिऱ्हाइकांच्या आशीर्वादावर?"

हे मात्र त्याला लागलं. रात्रभर कर्रर कर्रर ऐकत तो जागाच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याला एका मोठ्या ऑफिसात मशीनच्या वर्षाच्या तपासणीला जायचं होतं. तिथल्या हेडक्लार्कबाई चष्म्यावरून बघायच्या, आणि त्या बघायला लागल्या की भलेभले खुर्ची सावरून बसायचे. थोरल्याने मशीन उघडलं. कागद आत ओढून घेणारं रबराचं चाक झिजून गुळगुळीत झालेलं. नवं चाक बॅगेत होतं. पण त्याच्या मनात आलं, अजून महिनाभर ओढेल की हे. महिन्याने अडलं की त्या फोन करतील, मी येईन. एक कॉल. अशी दहा ऑफिसं म्हणजे दहा कॉल. त्याने झाकण लावलं, सही घेतली आणि जिना उतरला.

बस आली, तो चढला नाही. दुसरी आली, तीही गेली. तिसरी लांबून दिसली आणि गडी पाठ फिरवून पुन्हा जिना चढला.

"काय हो, काय राहिलं?" बाईंनी विचारलं.

"स्क्रू ड्रायव्हर राहिला."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्या खिशाकडे बघितलं. स्क्रू ड्रायव्हर खिशातून डोकं काढून उभा होता.

"तो काय मग?"

थोरला कानापर्यंत लाल झाला. "चाक झिजलंय बाई. मघाशी ठेवलं तसंच. आता बदलतो."

"तसंच का ठेवलं होतं?"

त्याला खोटं सुचेना, म्हणून खरं सांगून बसला. फळा, रेघा, बेचाळीस वर्षं, सगळं. चाक बदलून होईपर्यंत बाईंनी त्याच्यासाठी चहा मागवला, एवढंच.

मुलाखतीच्या दिवशी मोठे साहेब फळ्यावरचे आकडे वहीत उतरवून बसले होते. "नव्वद कॉल त्या सुसाटचे, तुमचे एकतीस. तुम्ही दिवसभर करता काय?"

"मशीन पुन्हा बिघडू नये ते बघतो, साहेब."

"हे आम्ही मोजायचं कसं?"

थोरला आपला नखं लपवून उभा. तेवढ्यात शेजारी बसलेल्या छोट्या साहेबांनी वहीखालून एक पत्र सरकवलं. हेडक्लार्कबाईंचं होतं. पुढच्या वर्षीचा करार करायला त्यांनी होकार दिला होता, पण एक अट घातली होती. मोठे साहेब मोठ्यानेच वाचायला लागले, "'वर्षभरात ज्या माणसाला आमच्याकडे एकदाही दुरुस्तीसाठी यावं लागलं नाही, त्यालाच पुढेही पाठवावे. दुसरा कुणी सारखा येत राहिल्यास करार करणार नाही.'"

साहेब हसायला लागले, मग हसता हसता थांबले. करारांची फाइल मागवली. गिऱ्हाईक वर्षाचे पैसे एकदाच देतं, माणूस एकदा जावो की दहादा. सुसाटच्या भागातली पाच ऑफिसं वैतागून दुसरीकडे गेली होती. थोरल्याच्या भागातलं एकही नाही.

"या फळ्यावर एवढी वर्षं आपण उलटंच मोजतोय की काय?" ते छोट्या साहेबांना म्हणाले. छोटे साहेब खिडकीबाहेर बघायला लागले.

पंधरा दिवसांनी कागद हातात आला. थोरला कायम झाला. पगार बायकोने बहिणीला सांगितला होता तेवढा नाही वाढला, पण पोरीच्या पुढच्या शिक्षणापुरता नक्की वाढला. सोबत सुसाटच्या भागातली सगळी रडकी मशिनं त्याच्या गळ्यात पडली, आणि सुसाटला त्याच्या हाताखाली दिलं. "शिकवा मला तुमचं ते सुख," सुसाट म्हणाला, आणि त्यात निम्मीच चेष्टा होती.

संध्याकाळी बायकोने तो कागद दोनदा वाचला, घडी घालून कपाटात साड्यांखाली ठेवला आणि वर बोट दाखवलं.

"सीनियरसाहेब, आता एक कॉल लिहून घ्या. गिऱ्हाईक तीन वर्षं थांबलंय."

थोरल्याने हसत स्टूल ओढलं, वर चढला आणि खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला. पंखा का ओरडतो, हे कळेपर्यंत तो काही खाली उतरला नाही. जेवणं दीड तास उशिरा झाली.