मुकादमाची मिशी

इंग्रजी अमदानीत राजपुऱ्याहून बहादरपूरला जाणाऱ्या टांग्यात तो मला एकदाच भेटला. तो कापडगिरणीत मागावर विणकर होता. मागांच्या खडखडाटात ऐकू येत नाही, म्हणून तिथले कामगार हातांनी बोलत. बाहेरही त्याचे हात थांबत नसत. त्याचा कोपर मला दोनदा लागला. दुसऱ्यांदा त्याने हातानेच माफी मागितली, तेव्हा तो तिसऱ्यांदा लागला.

समोर एक बाई मुलीच्या कानात ओरडत होती, "नीट बस!" मग आम्हाला म्हणाली, "बहिरी आहे. आठ वर्षांत माले एक शब्द बोलली नाही. डोकंच नाही तिले."

"बाई, गिरणीतलं आमचं अख्खं खातं बहिरं आहे," तो म्हणाला, "पण गप्प कोणीच नाही."

त्याने मुलीला खुणा दाखवल्या. पोटावर थाप म्हणजे भूक. मिशीला पीळ म्हणजे मुकादम आला, आणि लगेच तो स्वतः ताठ बसला.

बाई पुन्हा ओरडली. मुलीने आईकडे बोट केले, नसलेल्या मिशीला पीळ दिला आणि ताठ बसली. टांगेवालाही हसला.

"काय म्हणते?" बाईने त्याला विचारले.

"तुम्ही मुकादम."

"माले म्हणते?" बाईने हळू विचारले.

बहादरपूर येईपर्यंत बाई मुलीकडे बघत स्वतःच नसलेल्या मिशीला पीळ देत राहिली.