उपकेंद्राच्या कुलपाचे फोटो

मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. तिने गॅसवर चहा ठेवला होता. ती ओट्याला टेकून खाली बसली. मी तिला हाक मारली. शेजारी डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. तेव्हाही तिच्या फोनवर फोटो येत होते.

ते फोटो कशाचे होते हे आधी सांगायला हवं. ते कुलपांचे होते. आमच्या डोणगावच्या आसपासच्या खेड्यांतल्या बाया रोज सकाळी आपापल्या गावच्या आरोग्य उपकेंद्रापुढे उभ्या राहून एक फोटो काढत आणि माझ्या बायकोच्या ग्रुपवर टाकत. दार उघडं असलं तर उघड्या दाराचा, नसलं तर कुलपाचा. बहुतेक दिवशी कुलपाचाच. काही कुलपं मला फोटोंवरून ओळखू यायला लागली होती. एकाला कुणीतरी हिरवा रंग दिलेला होता, एकावर पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून दुधाची पिशवी बांधलेली होती.

मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो. निवृत्त झाल्यापासून मी वाचतो. तिने नोकरी कधी केली नाही. पण आमच्या भागातल्या उपकेंद्रांवरची एक सिस्टर, म्हणजे नर्स, निवृत्त झाली आणि जिल्हा परिषदेला अपक्ष उभं राहायचं म्हणाली, तेव्हा तिचा प्रचार हिने आमच्या स्वयंपाकघरातून चालवायला घेतला. सिस्टरने उभं आयुष्य या खेड्यांतून बाळंतपणं केली होती. एसटी नसली तर दुधाच्या गाडीत बसून जायची. तिच्यानंतर त्या जागांवर माणसं आली नाहीत, किंवा आली ती कागदावर आली. सिस्टरचं म्हणणं एवढंच होतं की परिषदेत बसून हे विचारणारं कोणीतरी पाहिजे.

मग निवडणूकच लागली नाही. मुदत संपली, प्रशासक आला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि आज लागेल उद्या लागेल म्हणता म्हणता वर्षं गेली. इतर इच्छुकांचे ग्रुप त्या काळात गुलाबाच्या फुलांनी आणि देवांच्या फोटोंनी भरून गेले. हिचा भरला नाही. हिचा नियम होता की ग्रुपवर शुभ सकाळ चालणार नाही. कोणी टाकलंच तर ती त्या बाईला फोन लावायची.

“काऊन वं, या फुलाचं काय करू मी? भाजी करू काय? कुलूप पाठव.”

पलीकडून हसणं ऐकू यायचं. मग फोटो यायचा. रोज सकाळी ती ग्रुपवर एकच प्रश्न टाकायची: “आज तुमच्या गावात सिस्टर आली काय?” पुढे तिचं ठरलेलं होतं. आठवडाभराचे फोटो गावाप्रमाणे लावायचे, तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पाठवायचे, आणि आपली सिस्टर ते घेऊन मेहकरला त्यांच्या कार्यालयात जाऊन बसायची. कधी कधी त्यानंतर एखादं दार चार दिवस उघडायचं. त्या दिवशी घरात शिरा व्हायचा.

मी एकदा तिला विचारलं होतं, निवडणूकच नाही तर हे कशासाठी. ती कांदा चिरत होती.

“तुमचे राजे मरून इतके वर्स झाले, तुम्ही अजून त्यायचे वाचून राह्यले न? मग मले काऊन इचारता?”

मी पुस्तक उघडलं. ती खूश झाली.

तिच्या जाण्याशी उपकेंद्राचा काही संबंध नव्हता. आमच्या घरापासून दवाखाना लांब नाही. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं की मोठ्या इस्पितळात असती तरी फरक पडला नसता. लोकांना तसा संबंध जोडायचा होता, दोघातिघांनी तो माझ्यासमोर जोडलाही. मी नाही म्हणत राहिलो. कोणावर तरी रागावता आलं असतं तर बरं झालं असतं, पण तसं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बसस्टँडजवळ तिचा फ्लेक्स लागला. आमच्याकडे माणूस गेलं की फ्लेक्स लागतो, त्यात वेगळं काही नाही. वर सिस्टरचा फोटो मोठा, हात जोडलेला. खाली कोपऱ्यात माझ्या बायकोचा, कुठल्याशा लग्नातला, डोक्यावर पदर आणि हसू आवरत असलेली. भावपूर्ण श्रद्धांजली. आणि त्याखाली ठळक अक्षरांत: शुभेच्छुक, समस्त महिला मंडळ. फ्लेक्सवाल्याने सिस्टरच्या वाढदिवसाचीच फाइल काढून तिच्यात फोटो बसवला होता. फुगे काढायची त्याला आठवण राहिली होती, ती ओळ राहून गेली.

मी ते वाचत उभा होतो तेव्हा सिस्टर तिथे आली. तिने फ्लेक्स पाहिला आणि तशीच समोरच्या फ्लेक्सच्या दुकानात शिरली.

“अबे, मेलेल्या मानसाले शुभेच्छा देतं काय बे? कुठं जायच्या शुभेच्छा दिल्या तिले?”

“घाईत झालं सिस्टर. जुन्याच फाइलीवर...”

“आन माहा फोटू केवढा टाकला! मी मेली काय ती मेली?”

फ्लेक्सवाला शिडी घेऊन बाहेर आला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. घरी जाऊन हे ज्या माणसाला सांगावं असं वाटलं, आणि जे माणूस हे ऐकून पोट धरून हसलं असतं, ते घरी नव्हतं.

तेरवी झाली. मुलगी तिच्या घरी परत गेली. ती दूर असते, तिलाही तिची नोकरी आहे. मी बायकोचा फोन चालू ठेवला होता. चार्जर स्वयंपाकघरात रव्याच्या डब्यामागे असायचा, मी तो तिथेच ठेवला. सकाळी चहा करताना फोन वाजायचा. तिचा प्रश्न ग्रुपवर गेलेला नसायचा, तरी बाया फोटो टाकत होत्या. काहींना दुसरं काय टाकावं ते सुचत नसावं. काहींची सवय असेल.

एके दिवशी मी लिहिलं: “मी त्यांचा नवरा. आजपासून मी विचारत जाईन. आज तुमच्या गावात सिस्टर आली का?”

पहिलं उत्तर सुलतानपूरकडच्या एका बाईचं आलं. “सर आधी तुम्ही जेवले काय ते सांगा.”

मग पाठोपाठ बऱ्याच आल्या. एकीने खिचडीत डाळ किती घालायची ते सांगितलं. दुसरीने तिला खोडून काढलं. एकीने बोलून संदेश टाकला: “सर, तिच्या उन्हाळ्यातल्या कुरड्या असतीन डब्यात. तेल चांगलं तापू द्याजा, नाहीतं कच्च्या राह्यतात.” डब्यात कुरड्या होत्या. मी तळल्या. त्या कच्च्या राहिल्या. ग्रुपवर तसं सांगितलं तर हसण्याचे चेहरे आले, आणि मग एकामागून एक कुलपं.

तेव्हा मला वाटलं की एवढं मला जमेल. ती गेली, पण तिचा प्रश्न रोज सकाळी विचारला जाईल. मला राजकारण कळत नाही, सभेत बोलता येत नाही. एक ओळ लिहिता येते. आठवड्याचे फोटो गावाप्रमाणे लावता येतात. त्यासाठी लागणारी चिकाटी वाचणाऱ्या माणसात असते. मी ते करत राहिलो. अधिकाऱ्यांकडून उत्तर येत नव्हतं, तिलाही क्वचितच यायचं. दुपारी मी वाचायला बसायचो आणि तीच पानं पुन्हा वाचायचो. संध्याकाळी फाट्यापर्यंत चालत जायचो. सोयाबीन निघून गेलं होतं, वावरं मोकळी होती. परत येऊन दिवा लावायचो. देवापुढचा दिवा तीच लावत असे आणि माझा त्यावर विश्वास नाही, पण तो लागायचा राहिला तर घर बंद असल्यासारखं दिसतं.

मग आरक्षणाची सोडत निघाली. आमचा जिल्हा परिषद गट अशा प्रवर्गासाठी राखीव झाला की सिस्टरला उभं राहता येणार नव्हतं. त्यात चुकीचं काही नव्हतं. ज्यांची पाळी होती त्यांना ती मिळाली. मी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर लिहिलं, आपल्यातल्याच त्या प्रवर्गातल्या कोणी बाईने उभं राहावं, आपण सगळे तिच्यामागे राहू. संदेश सगळ्यांनी वाचला, तशा निळ्या खुणा दिसत होत्या. कोणी काही लिहिलं नाही. दुपारी एकीने मला वेगळा फोन केला.

“सर, माहा नवरा मोठ्या मानसाच्या वावरात हाय कामाले. तो मानूस दुसऱ्या पार्टीचा हाय. मले काय मनून उभं राहू देतीन?”

मी म्हटलं, नका उभ्या राहू.

“बाई असत्या तं त्यायनं काहीतरी काढलं असतं,” ती म्हणाली. मी हो म्हटलं. ते खरं असावं. बायको असती तर ती त्या वावरमालकाच्या बायकोकडे जाऊन बसली असती, तिच्याबरोबर डाळ निवडली असती, आणि काहीतरी निघालं असतं किंवा निघालं नसतं. मला कोणाच्या घरी जाऊन बसता येत नाही.

काही दिवसांनी सिस्टर आली. ती पायऱ्या चढून आली तेव्हाच मला कळलं की तिला काही मागायचं आहे, कारण एरवी ती दारातूनच बोलायला लागते. आज ती खुर्चीवर बसून पदराने चेहरा पुसत राहिली.

“सर, ते पार्टीवाले लोकं आले होते घरी. महिला आघाडीचं तालुक्याचं पद देतो म्हनते.”

मी हातातलं पुस्तक मिटलं.

“पन ग्रुप पायजे म्हनते त्यायले. गावागावातल्या बाया हायत न त्यात.”

“आणि कुलपं?”

“कुलपाचं बी करू म्हनते.” तिने गुडघे दाबले. “तुमाले खरं सांगू काय? मले बी नाई वाटत करतीन म्हून. पन आता उभं राहनं तं गेलं. एकटीनं किती दिवस मेहकरले जाऊन बसावं? गुडघे राह्यले नाई. तिथं पद असलं तं निदान खुर्ची तरी देतात.”

“ही काय म्हणाली असती?”

“तिनं मले शिव्या देल्या असत्या.” सिस्टर हसली आणि मग हसू मावळलं. “मग चहा देला असता.”

मी उठून चहा केला. साखर जास्त पडली. तिने तो पूर्ण प्यायला.

मी नाही म्हणू शकत होतो. फोन माझ्या हातात होता आणि ग्रुपची किल्ली त्या फोनमध्ये होती. पण नाही म्हणून मी काय ठेवणार होतो? सिस्टर ज्यात नाही असा सिस्टरचा ग्रुप. मी तिला एवढंच म्हटलं की सकाळचा प्रश्न तेवढा चालू राहू द्या.

“हाव, राहू देऊ न. त्यात काय हाय?”

तिने मला कुठे दाबायचं ते दाखवलं. मी तिला अ‍ॅडमिन केलं. तिने तिथेच बसून त्या लोकांपैकी एकाला केलं. जाताना तिने माझ्या बायकोच्या फोटोकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी ग्रुपचं नाव बदललं आणि चित्राच्या जागी एक पुढारी आला. सकाळचा प्रश्न मी टाकला. तीन-चार कुलपं आली, त्यांच्या मागून एका सभेचं आमंत्रण आलं, मग फुलं आली, मग सुविचार. बाया गोंधळल्या. एकीने विचारलं, “आता फुलं चालतात काय?” मी सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, सांगते त्यायले. ती सांगते म्हणाली तेव्हा खरंच सांगणार होती, असं मला अजून वाटतं.

आठवड्याभरात फोनवर एक ओळ आली की तुम्ही आता अ‍ॅडमिन नाही. आणखी काही दिवसांनी दुसरी आली: आता फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात. मी चहाचं आधण ठेवून ती ओळ वाचली. मग सवयीने प्रश्न लिहायला गेलो तर लिहायची जागाच तिथे नव्हती.

एकदोघींनी वेगळे फोटो पाठवले. मी ते अधिकाऱ्यांकडे पाठवले. मग त्याही थांबल्या. मी त्यांना दोष देत नाही. सगळ्या गावांचे फोटो एका ठिकाणी येत, तेव्हा प्रत्येकीला वाटायचं की आपलं कुलूप कोणीतरी बघतंय. एकट्या माणसाला फोटो पाठवणं म्हणजे नुसता फोटो पाठवणं.

बाजाराच्या दिवशी त्या भेटतात. जेवले काय विचारतात. मी हो म्हणतो. ग्रुपबद्दल आम्ही बोलत नाही. सिस्टर परवा जीपमधून जाताना दिसली. पुढच्या सीटवर होती. तिने हात केला, मीही केला.

ग्रुप आहे. त्यात त्या सगळ्या बाया आहेत, आणि माझ्या बायकोच्या नंबरावरून मी आहे. त्यात बोलता येत नाही.