नॉर्मलसाठी तिचंच रक्त

औरंगपुऱ्यात दुसऱ्या मजल्यावर आमची लॅब होती. काही लहान मुलांमध्ये जन्मतःच एखादं एन्झाइम कमी असतं. ते आम्ही रक्तातल्या पांढऱ्या पेशींत मोजायचो. त्याचं काम साध्या रंगाने दिसत नाही. म्हणून पेशींना असं द्रव्य द्यायचं, जे एन्झाइमने तोडलं की निळं चमकतं, आणि मशीन ती चमक मोजतं. पण रक्त नुसतं तापलं तरी चमक घटते. म्हणून प्रत्येक पेशंटबरोबर एका निरोगी माणसाचं रक्त काढून त्याच बर्फात ठेवायचं. दोन्ही आकडे कमी आले तर गफलत आमची. पेशंटचाच कमी आला तर आजार.

निरोगी माणूस म्हणून नेहमी तीच. माझ्याबरोबरच कामाला लागलेली, सिल्लोडकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिचा आकडा दर वेळी जिथल्या तिथं. लॅबच्या प्रमुख मॅडम म्हणायच्या, "हिच्यावर घड्याळ लावावं." मग तिच्यासाठी खालून चहा-बिस्किटं यायची. मी पिपेट धरून बघायचे. मोठ्यानं हसणं, पेशंटच्या आईशी दोन मिनिटांत ओळख काढणं, सगळं तिला जमायचं. मला इंग्रजीत रिपोर्ट लिहिणं जमायचं. निदान रक्त तरी माझं घ्यावं, असं वाटायचं.

एकदा ती तापाने घरी राहिली. मॅडमनी विचारायच्या आतच मी बाही वर केली. हर्सूलच्या एका बाळाची तपासणी होती. बाळाचा आकडा जवळजवळ शून्य आला, आणि माझा अर्धा.

"बर्फ नीट होता ना?" मॅडमनी विचारलं. होता.

ती परतल्यावर बाळाचं आणि आम्हा दोघींचं रक्त एकदमच काढायचं ठरलं. माझ्या दंडाला पट्टा तिनेच बांधला. "लई लाजाळू शीर हाय गं तुझी. तुझ्यासारखीच." तिचा आकडा पूर्ण आला. बाळाचा पुन्हा तसाच. माझा पुन्हा अर्धा.

मॅडमनी केबिनचं दार लावलं. "तू बहुधा वाहक आहेस, दोनपैकी एक जनुक बिघडलेलं. जनुक तपासून खात्री करू. तुला काही होत नाही. लग्न ठरवताना मुलाचं तेवढं तपासून घे."

मी बाहेर आल्यावर ती म्हणाली, "काय म्हणल्या?"

"काही नाही."

"बरं." तिने बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. मला तिची बिस्किटं नको होती. तिचं रक्त हवं होतं.

पुढच्या आठवड्यात त्या बाळाचे आईवडील तपासले. दोघांचेही आकडे अर्धे. वडील औषधं आणायला खाली गेले, तशी आई तिला म्हणाली, "म्हणजे खोट माझ्या रक्तात. सासूबाई म्हणतातच."

"नाय हो ताई, दोघांचं मिळून असतं ते. तुम्हाला स्वतःला काय होत नाय."

"तुमचं किती येतं?"

ती नळ्यांवरची लेबलं सरळ करू लागली. तिचा तर पूर्ण यायचा. मी टेबलामागे उभी होते, आणि माझाच आवाज मला ऐकू आला.

"माझं तुमच्याइतकंच येतं."

बाईंनी मला पायांपासून वरपर्यंत पाहिलं. "आणि तुम्ही बऱ्या आहात?"

"बरी आहे."

त्या बाकावर बसल्या आणि पाणी मागितलं. तिने ते आणून दिलं. माझ्याकडे मात्र ती बराच वेळ बघत होती.

दुसऱ्या दिवशी नवा पेशंट आला. पुन्हा तिचाच हात पुढे. पट्टा मी बांधला, जरा घट्टच.