एबनेझर मिस्त्रींचा पलंग

शिरूरच्या बाजारपेठेमागे एबनेझर उजागरे यांचं सुतारकामाचं दुकान आहे. दुकान म्हणजे घरापुढची पत्र्याची पडवीच. मिस्त्रींचं वय एकाहत्तर. मिशनच्या सुतारशाळेत चौदाव्या वर्षी त्यांनी रंधा हातात घेतला, तो अजून खाली ठेवलेला नाही. आमच्या चर्चमधले बाक त्यांनी केले. आमच्या माणसांच्या शवपेट्याही तेच करतात. शिरूरपासून दौंडच्या रेल्वे कॉलनीपर्यंत कुणी प्रभूच्या घरी गेलं, की पहिला फोन पाळकसाहेबांना आणि दुसरा एबनेझर मिस्त्रींना. पेटीला आतून पांढरं कापड ते स्वतः लावतात. फळीला बोटात शिरेल अशी कूस राहू देत नाहीत.

त्यांची बायको क्रिस्टीना शुगरनं गेली. शेवटचे सात महिने ती मागच्या खोलीतच होती. तिला स्वयंपाकघरात एक कपाट हवं होतं. अकरा वर्षं ती मागत होती आणि हे म्हणत, "गिऱ्हाइकाचं काम उरकू दे, मग तुझं." शेवटी सागवानाच्या फळ्या आणल्या, तोवर तिचं उठणं-बसणं थांबलं होतं. त्याच फळ्यांची तिची पेटी झाली. माप मिस्त्रींनी स्वतःच घेतलं, असं लोक सांगतात. पण दफनाहून आल्यावर त्यांनी मागच्या खोलीला कडी लावली, ती लावलीच. पडवीतल्या बाकावर झोपायचं, तिथंच जेवायचं. मुलगा केल्विन सणसवाडीला कंपनीत आहे, तिथंच खोली घेऊन राहतो. तो म्हणाला, "पप्पा, माझ्याकडं चला." हे गेले नाहीत. त्यानंतर त्यांनी खुर्ची-टेबलाचं काम घेणंही सोडलं. पेटी तेवढी करायचे.

तीन वर्षं अशी गेली. मग मागच्या जानेवारीत वडगाव रासाईची नीलम त्यांच्याकडे आली. भीमाकाठी तिच्या सासरची मोठी शेती आहे. नवरा पृथ्वीराज यानं नदीच्या बाजूला शहरातल्या पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. नीलम पुण्यात चित्रकला शिकलेली. लग्नानंतर नऊ वर्षांत तिनं ब्रश हातात धरला नव्हता. त्या चारांतली एक खोली तरी आपल्या मनासारखी करायची, असं तिनं ठरवलं होतं. तिनं पिशवीतून गुंडाळलेला मोठा कागद काढला आणि मिस्त्रींच्या टेबलावर पसरला.

परदेशातलं जुनं चित्र होतं. एका साध्या खोलीचं. निळ्या भिंती, जाडजूड लाकडी पलंग, काथ्यानं विणल्यासारख्या बैठकीच्या दोन खुर्च्या, छोटं टेबल, खुंटीला टॉवेल. माणूस कुणी नाही.

"असा पलंग करायचाय, मिस्त्रीकाका."

मिस्त्रींनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "ताई, हे काढणाऱ्याला मापातलं काय कळत नव्हतं. पलंग दाराकडं घसरतोय. जमीन वर चढलीय. काटकोन बघायला गुण्या लावला असता तर एक कोपरा बसला नसता."

नीलम हसली. "त्याला सगळं कळत होतं, काका. त्याला ती खोली जशी वाटली तशी त्यानं काढली."

"एकटाच राहत व्हता?"

"हो. दोन खुर्च्या आहेत, पण एकटाच."

मिस्त्रींनी त्या दोन खुर्च्यांवर बोट टेकवलं. नाही म्हणायचं तोंडावर आलं होतं, असं त्यांनी मला पुढं सांगितलं. पण ते म्हणाले, "कागद ठेवून जा. सरळ पलंग करीन. वाकडा माझ्याच्यानं व्हायचा न्हाई."

चित्र त्यांनी पडवीच्या भिंतीला चिकटवलं आणि दीड महिना त्याच्यासमोर काम केलं. जुन्या सागवानी तुळया आणून चिरल्या, पायांना आणि चौकटीला खाचा पाडून सांधे बसवले. कुठंही खिळा नाही. मी एकदा चर्चच्या कामासाठी गेलो तर चहाचा कप हातात धरून ते चित्राकडे बघत बसलेले. चहावर साय धरली होती.

मार्चमध्ये पलंग सुटा करून पिकअपमध्ये घातला. जोडायला मिस्त्री स्वतः बरोबर गेले. गाडी सतीश चालवत होता. तो मूळचा दौंडचा. वडगावच्या अंगणात सामान उतरवताना त्याला मिस्त्रींचं कौतुक सांगावंसं वाटलं. नीलमची सासू पुतळाबाई ओट्यावर बसलेली होती. तिला तो म्हणाला, "काकी, ह्यांच्या हातची वस्तू शंभर वर्सं हालायची न्हाई. आमच्याकडं कॉलनीत डिसोझासाहेब वारले, तवा पेटी ह्यांनीच केली. काय काम व्हतं!"

पुतळाबाई उठून उभी राहिली. "कसली पेटी?"

सतीशला आपली चूक कळली, पण उशीर झाला होता.

"मढ्याच्या पेट्या करतो व्हय हा माणूस? आन् त्याच हातचा पलंग माझ्या घरात? न्हाई. उंबऱ्याच्या आत न्यायचा न्हाई."

"आई, असं काय करता?" नीलम पुढं झाली. "काका ऐकतायत."

"ऐकू दे की. मी त्यांना वाईट न्हाई म्हणत. पर माझ्या घरात लेकरंबाळं हायती."

नीलमनं नवऱ्याकडे बघितलं. पृथ्वीराज मोबाइलमध्ये बघत राहिला. मिस्त्रींनी उतरवलेली फळी परत उचलली आणि सतीशला म्हणाले, "गाडी वळव, बाळा." परतीच्या वाटेवर न्हावरा गाव येईपर्यंत सतीश माफी मागत होता. मिस्त्री एकदाच बोलले. "खोटं थोडंच सांगितलंस तू?"

पलंग पडवीत पडून राहिला. त्यात ईस्टर जवळ आला आणि चर्चचे सहा बाक दुरुस्तीला आले. पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पलंग ठेवायचा तर एकच जागा होती. बाक आल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी मागच्या खोलीची कडी काढली.

खुंटीवर क्रिस्टीनाचा टॉवेल होता. खिडकीत गोळ्यांचा डबा, त्याच्यावर धुळीचा थर. ते दारात किती वेळ उभे होते त्यांनाच ठाऊक नाही. मग त्यांनी झाडू घेतला. दुसऱ्या दिवशी चुन्यात नीळ कालवून भिंतींना हात मारला, तिसऱ्या दिवशी पलंग जोडला.

आठवडाभरानं नीलम आली. काय बोलायचं ते ती वाटेत जुळवत आली होती. मिस्त्रींनी तिला बोलूच दिलं नाही, मागच्या खोलीच्या दारात नेऊन उभं केलं.

"इथं माझी बायको गेली," ते म्हणाले. "तीन वर्सं मी ह्या दाराला भीत व्हतो. तुमच्या कागदातली खोली रोज बघत गेलो. तिच्यातबी कुणी न्हाई. पर तिथं भ्या वाटत न्हाई. माणूस आत्ताच उठून गेलंय असं वाटतं. मग म्हटलं, आपल्या खोलीनं काय पाप केलंय?"

नीलमच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं सुताराची चपटी पेन्सिल आणि खाकी कागद मागितला, उंबऱ्याशी मांडी घातली आणि ती खोली काढली. काढता काढता दुपारचे दोन वाजले. मिस्त्री बाकाच्या पायाला पाचर ठोकत होते. मधून मधून क्रिस्टीना उशाशी काय ठेवायची, केस कुठं बसून विंचरायची ते सांगत होते. तीन वर्षांत तिच्याबद्दल ते इतकं बोलले नव्हते.

ते चित्र नीलमनं घरी नेऊन भिंतीवर लावलं. पाहुण्यांच्या खोल्यांत पृथ्वीराजनं शोरूमचे लोखंडी पलंग आणले होते, त्याला ती काही म्हणाली नाही. चित्र पुतळाबाईनं बघितलं. "कुणाचं घर गं हे?" नीलमनं सगळं सांगितलं. सात महिन्यांचं दुखणं सांगितलं, अकरा वर्षं मागितलेलं कपाट सांगितलं, त्या फळ्यांचं काय झालं तेही सांगितलं. पुतळाबाई ऐकत राहिली. मग उठून गुरांकडे गेली.

दिवाळीच्या आधी नीलम पुन्हा शिरूरला आली तेव्हा तिच्या हातात एक गोधडी होती. जुन्या लुगड्यांची, चार थरांची, बारीक धावदोऱ्याची.

"सासूबाईंनी दिलीय. म्हणाल्या, नुसत्या फळीवर म्हातारा माणूस कसा निजायचा."

"आणखी काय म्हणाल्या?"

"काही नाही."

मिस्त्रींनी गोधडीवरून हात फिरवला, टाके नीट बघितले. "हात चांगला हाय त्यांचा," ते म्हणाले. "सांगा त्यांना."

पुतळाबाई शिरूरला कधी आली नाही. मिस्त्रीही वडगावला पुन्हा गेले नाहीत. आता ते मागच्या खोलीत झोपतात. नाताळात केल्विन आला, तेव्हा बाप-लेक त्याच पलंगावर शेजारी शेजारी निजले.