ह्यात शिवी खंय आसा?

बाईला बुवा म्हणतात म्हणून हसू येत असेल, तर आधी हसून घ्या. डबलबारीत भजन गाणारा पुरुष असो की बाई, बुवाच. दोन मंडळं समोरासमोर बसतात, आधी देवाचं गातात आणि मग एकमेकांची अशी खेचतात की मांडव शिट्ट्यांनी दणाणतो. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातली सुगंधा बुवा यात भल्याभल्यांना पाणी पाजायची. वडील गिरणीत होते, पेटी त्यांनीच शिकवली. आठवडाभर कांजूरला औषधांच्या दुकानात काउंटर सांभाळायचा आणि रविवारी गळा मोकळा सोडायचा. तोंडाची इतकी फटकळ, की समोरचा बुवा सुरुवातीलाच हात जोडायचा.

अशी बाई घाबरली. आणि कशाला, तर गोड बोलण्याला!

मंडळाच्या पेजवर तिच्या बारीचा व्हिडिओ होता. त्याखाली 'भक्त' नावाच्या कुणीतरी लिहिलं, 'बुवा, निळी साडी शोभते.' बरं वाटलं तिला, का नाही वाटणार? मग आलं, 'आज पंजाबी ड्रेस? बारीला नका घालू.' पंजाबी ड्रेस ती फक्त दुकानात घालायची. पुढे, 'आज दुकान उशिरा उघडलंत.' गोळ्या देताना ती प्रत्येक गिऱ्हाइकाचा चेहरा निरखायला लागली. हाच असेल का? की मघाचा तो? मग एका सकाळी आलं, 'प्रांजलचा क्लास आज लवकर सुटणार ना?'

प्रांजल तिची मुलगी, नववीतली. त्या दिवसापासून पोर घरात.

"चल, आत्ताच्या आत्ता चौकीत जाऊ," नवरा राजेश म्हणाला. पण मंडळाची रीत पडली ना, मंडळातलं मंडळात मिटवायचं! त्या रीतीपायी ती आधी भाऊंकडे गेली. भाऊ मंडळाचे अध्यक्ष, तिच्या बापाच्या बरोबरीचे. त्यांनी चष्मा चढवून सगळं वाचलं.

"अगो, ह्यात शिवी खंय आसा? बारयेत तू ह्याच्यापेक्षा वायट ऐकलंस."

"भाऊ, बारीत तो माझ्यासमोर बसलेला असतो. हा कुठे बसलाय?"

भाऊंना उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यांनी मीटिंग लावली. माणसांना उत्तर सुचलं नाही की ती मीटिंगच लावतात.

मंडळाच्या खोलीत सतरंजीवर सगळे बसले. पखवाज वाजवणारा प्रीतम पेज सांभाळायचा. तो म्हणाला, "आधी ठरवा ना, त्रास म्हणजे नक्की काय. शिवी नाही, धमकी नाही, आईबहीण नाही. ब्लॉक कशावरून करू? उद्या लोक म्हणतील, मंडळ भक्तांना हाकलतं."

"घाण नजर म्हणजे त्रास," टाळ वाजवणारा भीमराज म्हणाला.

"कमेंटमध्ये नजर दिसते का रे?" कोणीतरी मागून बोललं आणि खोली हसली. मग कौतुक कुठे संपतं यावर वाद जुंपला. भाऊ म्हणाले, त्रासाचे तीन प्रकार धरू आणि तसा ठराव करू. जिच्यासाठी हे चाललं होतं, ती भिंतीला टेकून बसली होती. पाणी प्यायला म्हणून तिने बाटली उचलली, पण हात इतका कापला की न पिताच खाली ठेवली.

तिचा फोन थरथरला.

'पाणी प्या बुवा. हात का कापतोय?'

ती उभी राहिली आणि तिने ते मोठ्याने वाचलं. बारीतल्याच खड्या आवाजात. ठरावाचं बोलणं तिथेच थांबलं. जो तो शेजाऱ्याकडे बघायला लागला, आणि शेजारी त्याच्याकडे.

भाऊ गुडघे धरत उठले, दारापाशी गेले आणि आतून कडी लावली.

"कोण भायर जाव नको. फोन खाली ठेवा सगळ्यांनी."

ते तिच्याच बाजूने उभे राहिले होते, हे सुगंधाला कळत होतं. पण बंद दाराच्या आत तिला कोणाकडेच बघवेना. भाऊंकडेसुद्धा.

"कडी काढा, भाऊ," ती कशीबशी म्हणाली. "आधी मला बाहेर जाऊ द्या."